बेलोरा ते शिवणी

वऱ्हाडच्या नकाशावर अमरावती आणि अकोला ही दोन जिल्ह्याची ठिकाणे इतकी लगत पडतात की, त्यांच्यामधले हवाई अंतर किती आणि विमानाने ते तोडावयास वेळ किती लागेल, असा प्रश्न त्या मुलखात कोणास विचारला तर तो गृहस्थ प्रथम विचारणाराकडे थोडे निरखून पाहील आणि मग बडनेऱ्याहून सुटणाऱ्या पुढच्या गाडीची वेळ सांगून मोकळा होईल. त्याचे हे करणे व्यवहाराला धरूनच आहे, कारण या दोन शहरांमध्ये प्रवासी विमान चालत नाही. तथापि दोन गावांतले अंतर आणि ते तोडावयास लागणारा वेळ यांचा परस्परसंबंध ज्याला नीट समजून घ्यावयाचा आहे, त्याला याहून सोयीचे उदाहरण शोधूनही सापडणार नाही. कारण अंतर थोडे असल्यामुळे पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब पाटीवर मांडता येतो, आणि विमान प्रत्यक्ष हवेत राहील तो अवधी अगदीच अल्प असल्यामुळे, लांबच्या प्रवासात जो वेळ कोठे गेला हे कळतही नाही तो सगळा येथे उघडा पडतो.

कोणत्याही दोन ठिकाणांमधले हवाई अंतर काढावयास त्यांचे अक्षांश-रेखांश पुरे होतात. अमरावती शहर साधारणपणे २०° ५६′ उत्तर अक्षांशावर आणि ७७° ४५′ पूर्व रेखांशावर वसले आहे. अकोला २०° ४२′ अक्षांशावर असून ७७ अंशाचे रेखावृत्त जवळजवळ त्याच्या अंगावरूनच जाते. म्हणजे अकोला हे अमरावतीच्या १४ कला, म्हणजे अंशाचे साठावे भाग, दक्षिणेस आणि ४५ कला पश्चिमेस आहे. अक्षांशाचा एक अंश सर्वत्र १११ किलोमीटरांच्या आसपास भरतो, त्यामुळे १४ कलांचे सुमारे २६ किलोमीटर झाले. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना आखडत जातो आणि वऱ्हाडच्या पट्ट्यात तो १०४ किलोमीटरांवर येतो, तेव्हा ४५ कलांचे ७८ किलोमीटर. आता २६ आणि ७८ या काटकोनाच्या दोन भुजा धरून कर्ण काढला की ८२ किलोमीटर येतात. एवढ्या लहान अंतरासाठी गोलीय त्रिकोणमितीची अवजड सूत्रे हाताळण्याचे कारण नाही. शाळेत शिकलेला पायथागोरस येथे पुरेसा प्रामाणिक आहे.

पण विमाने शहराच्या चौकापासून चौकापर्यंत उडत नाहीत, ती विमानतळापासून विमानतळापर्यंत उडतात, आणि हे दोन विमानतळ योगायोगाने एकमेकांकडे सरकून बसलेले आहेत. अमरावतीचा विमानतळ शहराच्या दक्षिणेस, यवतमाळच्या रस्त्याला, बेलोरा येथे आहे. अकोल्याचा विमानतळ शहराच्या पूर्वेस शिवणी येथे, कृषी विद्यापीठाच्या शेतांना लागून आहे. बेलोरा ते शिवणी हे सरळ अंतर सुमारे ७० किलोमीटर, वैमानिकांच्या भाषेत ३८ सागरी मैल. सागरी मैल हे माप समुद्रावरून आकाशात गेले ते उगाच नव्हे. अक्षांशाच्या एका कलेची लांबी म्हणजेच एक सागरी मैल, त्यामुळे नकाशावरच्या कला मोजल्या की मैल आपोआप हाती येतात. शहरांमधले ८२ किलोमीटरांचे अंतर विमानतळांमध्ये ७० वर आले, यात विमानाचा बारा किलोमीटरांचा फायदा झाला हे खरे. परंतु प्रवाशाला दोन्ही टोकांना सडकेने ते भरून द्यावे लागतात, किंबहुना थोडे अधिकच द्यावे लागतात.

हे ७० किलोमीटर सरळ रेषेचे म्हटले, तरी पृथ्वीच्या पाठीवर काढलेली कोणतीही रेषा काटेकोर अर्थाने सरळ नसते, ती कमानच असते. बेलोऱ्याच्या धावपट्टीपासून शिवणीच्या धावपट्टीपर्यंत जमिनीच्या पोटातून खरोखर सरळ असा बोगदा कोणी खणला, तर मध्यावर, म्हणजे मूर्तिजापूरच्या बाजूला, तो जमिनीच्या साधारण सपाटीखाली ९६ मीटर खोल गेलेला आढळेल. वऱ्हाडातल्या कोणत्याही विहिरीपेक्षा हा बोगदा खोल म्हणावयास हरकत नाही. एवढा खटाटोप करून अंतर किती वाचेल, तर सुमारे ३५ सेंटिमीटर! उलट विमानाने ३ किलोमीटर उंचीवरून हीच कमान कापली तर ती जमिनीवरल्या कमानीपेक्षा फक्त ३३ मीटर लांब भरते. पृथ्वी किती मोठी आणि आपली दोन शहरे किती जवळ, याची कल्पना या आकड्यांवरून यावी.

हे आकडे आपण आज सहज मांडतो, परंतु पृथ्वीची त्रिज्या म्हणून जी संख्या या हिशेबात खुशाल वापरली ती ठरविण्याच्या कामी खुद्द वऱ्हाडच्या भूमीचा हातभार लागलेला आहे, ही गोष्ट अमरावतीकरांनाही फारशी ठाऊक नसते. १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी विल्यम लँबटन या लष्करी अधिकाऱ्याने एक आधाररेषा साखळीने मोजली आणि तेथून पुढे टेकडीवरून टेकडीकडे कोन घेत, त्रिकोणाला त्रिकोण जोडीत, हिंदुस्थानच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीचे काम सुरू केले. त्याचे कोन मोजावयाचे यंत्र अर्ध्या टनाचे होते. या मोजणीचा कणा म्हणजे दक्षिणेच्या टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, ७८ अंशाच्या रेखावृत्ताच्या थोडे पश्चिमेकडून, त्याला लागून जाणारी एक दीर्घ कमान. मोजणी खात्यातले लोक तिला ग्रेट आर्क म्हणत. ती पुरी व्हावयाच्या आतच, २० जानेवारी १८२३ रोजी, हैदराबादेहून नागपूरकडे जात असता लँबटन हिंगणघाटच्या मुक्कामी मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. मग त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याने काम हाती घेतले. हाच तो एव्हरेस्ट, ज्याचे नाव पुढे जगातल्या सर्वांत उंच शिखराला देण्यात आले. त्याने ही कमान वऱ्हाडच्या काळ्या मैदानावरून आणि सातपुड्याच्या रांगांवरून पुढे सिरोंजकडे नेली, आणि त्या कामात ताऱ्यांच्या वेधांनी अक्षांश निश्चित केलेली जी मोजकी ठाणी होती त्यांपैकी एक ठाणे एलिचपूरकडचे, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातले होते. एव्हरेस्टच्या ग्रंथात त्याचे नाव टाकल खेरा असे नोंदलेले आढळते.

या कमानीच्या आधाराने १८३० मध्ये एव्हरेस्टने पृथ्वीचा जो आकार काढला तो भारताच्या सरकारी नकाशांनी दीर्घकाळ शिरोधार्य मानला. २००५ च्या नकाशा धोरणानंतर लोकांसाठीच्या नकाशांकरिता जागतिक मापन स्वीकारले गेले तोवर त्याचाच अंमल होता. त्याच्या मते पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर. आज उपग्रहांच्या साह्याने मानलेली ६३,७८,१३७ मीटर. फरक पाऊण किलोमीटराहून थोडा अधिक, ८६१ मीटरांचा. हा फरक बेलोरा-शिवणी अंतरात उतरविला तर तो साडेनऊ मीटरांच्या आत येतो. बैलगाड्या, साखळ्या, दिवे आणि दुर्बिणी एवढ्या सामग्रीवर दोनशे वर्षांपूर्वी काढलेल्या पृथ्वीवर आजचे विमान उडवावयाचे ठरविले, तर अमरावतीहून अकोल्यास जाताना ते फार तर एखाद्या घराच्या लांबीइतके चुकेल. शिवाय ही ग्रेट आर्क बेलोऱ्याच्या पश्चिमेस काही किलोमीटरांवरूनच उत्तरेकडे जाते, त्यामुळे बेलोऱ्याहून शिवणीकडे निघालेल्या विमानाला ती आरंभीच ओलांडावी लागेल. अंतराचे प्रकरण असे एकूण फार स्वच्छ आहे: एकदा मोजले की ते पुनः पुनः मोजावे लागत नाही, आणि सरकार बदलले, वेळापत्रक बदलले, पाऊस आला, तरी त्यात रेसभर फरक पडत नाही.

वेळेचे तसे नाही.

अंतर-वेळ सांगणारी जी गणकयंत्रे हल्ली लोकांच्या हाती आली आहेत ती ८२ किलोमीटरांना ताशी ८०० किलोमीटरांनी भागून ‘सहा मिनिटे’ असे उत्तर देतात, आणि हे उत्तर भागाकार म्हणून बिनचूक असले तरी प्रवास म्हणून सर्वस्वी खोटे आहे. ताशी ८०० किलोमीटरांचा वेग हा मोठ्या जेट विमानाला दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, विरळ हवेत साधतो; तेथवर चढण्यास त्याला दीडदोनशे किलोमीटरांची धाव लागते आणि उतरावयास जवळजवळ तितकीच. ७० किलोमीटरांत ते चढण्याचा विचार करीपर्यंत उतरणीची वेळ येऊन ठेपेल. आपल्या भागात जी विमाने येऊ शकतात ती पंख्यांची एटीआर जातीची, सत्तर-बहात्तर आसनांची. त्यांचा पूर्ण वेग ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास असतो. अशा विमानाने बेलोऱ्याहून उडून आठदहा हजार फुटांपर्यंत चढावे, मूर्तिजापूर मागे पडताच खाली उतरू लागावे आणि शिवणीस टेकावे, यास हवेतली म्हणून पंधरा मिनिटे धरली तर ती रास्त होतील. इतक्यात प्रवाशाच्या हाती चहाचा पेला येण्याचाही संभव नाही.

विमान कंपनीच्या वेळापत्रकात जो वेळ छापला जातो तो मात्र हा हवेतला वेळ नव्हेच. विमान उभे असताना त्याच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान हलले त्या क्षणापासून दुसऱ्या विमानतळावर चाकांना पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा अवधी हा छापील वेळ असतो. एटीआर विमानाची ही तयारी जवळून पाहण्यासारखी असते. प्रवासी शेपटीकडच्या दारातून, विमानालाच जोडलेल्या चार-सहा पायऱ्या चढून आत शिरतात आणि त्यांचे सामान पुढच्या बाजूने, वैमानिकाच्या पाठीमागच्या कप्प्यात चढविले जाते, त्यामुळे पहिल्यांदा बसणाऱ्या मनुष्यास आपली पेटी आपल्याला सोडून भलतीकडे चालली असे वाटून तो मान वळवून वळवून पाहत राहतो. मग पायऱ्या आत ओढल्या जातात, पंखे एकामागून एक फिरू लागतात, जमिनीवरचा कामगार ठोकळे काढून ते हात उंच करून वैमानिकाला दाखवितो, आणि विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाते. लहान विमानतळावर धावपट्टीला समांतर मार्ग नसेल तर ते धावपट्टीवरूनच टोकाला जाऊन तेथे वळसा घेते. पंधरा मिनिटांच्या उड्डाणाचे छापील वेळापत्रकात अर्धा तास कसे होतात, ते या रांगण्यात समजते.

उष्णतेचा एक स्वतंत्र मुद्दा आहे. अकोल्याच्या उन्हाळ्याची कीर्ती सर्वदूर पसरलेली आहे. वैशाखात पारा ४५ अंशांवर जाणे तेथे नवलाचे मानीत नाहीत. विमान उचलले जाते ते हवेच्या दाबाच्या फरकाने, आणि हवा तापली की विरळ होते: १५ अंशांवरून ती ४५ अंशांवर गेली म्हणजे तिची घनता नऊ-साडेनऊ टक्क्यांनी घटते. त्यात समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांच्या उंचीचे आणखी तीन टक्के मिळवा. अशा हवेत पंखांना पूर्वीइतकाच भार उचलावयाचा तर विमानाला अधिक वेगाने धावावे लागते, त्याच वेळी एंजिनाची आणि पंख्यांची ओढ कमी झालेली असते. साहजिकच धावपट्टी लांब लागते, नाहीतर प्रवासी अथवा इंधन कमी घ्यावे लागते. समुद्रकाठच्या थंड सकाळी भरलेल्या एटीआरला साडेतेराशे मीटरांची धाव पुरत असली तरी वऱ्हाडच्या मे महिन्यातल्या दुपारी ती पुरणार नाही. बेलोऱ्याची धावपट्टी वाढवून १,८५० मीटर करण्यात आली तेव्हाच तेथे प्रवासी विमान येऊ शकले, याचे कारण हेच. शिवणीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, बेलोऱ्याहून जुनी. परंतु ती दीड हजार मीटरही भरत नाही आणि तिच्या विस्ताराकरिता डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची व लगतच्या खातेदारांची जमीन लागत असल्यामुळे मोजणी, मोबदला, मंजुरी आणि निधी या चार खांबांभोवती ते प्रकरण कित्येक वर्षे फेऱ्या घालीत राहिले. संभाव्य उड्डाणाच्या वेळेत हा काळ धरावयाचा की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

मग अमरावतीच्या राजकमल चौकाजवळ राहणाऱ्या एखाद्या सद्गृहस्थाला, शिवणीची धावपट्टी तयार आहे असे कल्पून, अकोल्याच्या टिळक रोडवर विमानाने पोचावयास किती वेळ लागेल? घरून बेलोऱ्यापर्यंत अर्धा तास. सामान तपासणी व सुरक्षेसाठी सुटण्याच्या आधी एक तास. ठोकळ्यापासून ठोकळ्यापर्यंत अर्धा तास. उतरल्यावर सामानाची वाट पाहण्यात पंधरा मिनिटे. शिवणीहून गावात येण्यास वीस मिनिटे. एकंदर दोन तास पस्तीस मिनिटे, आणि त्यांतली हवेतली फक्त पंधरा. तोच गृहस्थ बडनेऱ्याला जाऊन जलदगाडीत बसला तर अकोला तेथून लोहमार्गाने ७९ किलोमीटर आहे. कुरूम, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव ही स्थानके मागे टाकीत गाडी तास-सव्वा तासात पोचते, आणि दोन्ही टोकांचा वेळ धरूनही सव्वादोन तासांत तो ओळखीच्या घरी चहा घेत असेल. मोटारीने पावणेदोन-दोन तास. एस.टी. थोडी मागे, तरी तीही विमानाशी बरोबरी करील.

ही सडक म्हणजे सुरतेजवळच्या हजिऱ्यापासून पूर्वेकडे जाणारा जुना सहा क्रमांकाचा, आताचा त्रेपन्न क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, आणि तिच्याच अमरावती-अकोला टप्प्यावर जून २०२२ मध्ये अंतर व वेळ यांचा एक वेगळाच विक्रम नोंदला गेला. ७५ किलोमीटर लांबीचा, एका पदराचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत, काम क्षणभर न थांबविता अंथरण्यात आला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधील दोह्याच्या नावावर होता. हिशेब केला तर रस्ता ताशी ७१० मीटरांनी पुढे सरकत होता. पाच दिवसांच्या उन्हात रात्रंदिवस राबलेल्या त्या मजुरांमुळे आज मोटारीचे जे दोन तास होतात ते पूर्वी, खड्डे चुकवीत, कितीतरी अधिक होत असत. या दोन शहरांमधला वेळ अलीकडच्या काळात खरोखर कोणी कमी केला असेल तर तो डांबर पसरणाऱ्या यंत्राने.

त्याच्याही मागे गेले तर हा मान आगगाडीकडे जातो. भुसावळहून निघालेला लोहमार्ग १८६५ मध्ये बडनेऱ्यास आणि १८६७ मध्ये नागपुरास पोचला. त्यापूर्वी अमरावतीच्या बाजारातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून पाचशे मैलांवरच्या मिर्झापुरास जात असे आणि तेथून गंगेच्या पात्रातून कलकत्त्याला; वाटेत पावसाने गाठले तर माल आणि जनावरे दोन्ही चिखलात रुतत. मुख्य मार्ग अमरावती शहर बाजूला ठेवून बडनेऱ्यावरून गेला आणि शहरासाठी मागाहून नऊ-दहा किलोमीटरांचा फाटा काढावा लागला, हे मात्र अमरावतीकरांच्या प्रवासात कायमचे अर्ध्या तासाचे कलम होऊन बसले. मधल्या मूर्तिजापुरास अरुंद रुळांची शकुंतला मिळे. यवतमाळपर्यंतचे ११३ किलोमीटर ती इतक्या सावकाश चाले की, वेळ मोजण्याचे साधन म्हणून तिच्यात घड्याळापेक्षा पंचांग बरे, अशी थट्टा करण्याचा मोह आवरत नाही. पण आडगावच्या शेतकऱ्याला ती दारात येऊन नेत होती, आणि दारात येणारी वाहने हळू असली तरी त्यांचा एकूण प्रवास पुष्कळदा थोडक्यात उरकतो.

विमानाचा हा जो टोकांवरचा खर्च आहे तो अंतरावर अवलंबून नसतो. बेलोऱ्याहून शिवणीस जा की मुंबईस जा, तपासणीचा तास तोच, सामानाचा पाव तास तोच. हे ठरीव दोन तास वीस मिनिटे धरून, सडकेचा सरासरी वेग ताशी ५५ आणि लहान विमानाचा चढ-उतारासह ताशी ४०० किलोमीटर मानला, तर दोघांची बरोबरी सुमारे दीडशे किलोमीटरांवर होते. त्याच्या अलीकडे सडक जिंकते, पलीकडे विमान. अमरावती ते नागपूर हे अंतर नेमके या सीमेवर पडते, आणि म्हणूनच त्या मार्गावरही विमानाचे नाव कोणी काढीत नाही. एखाद्या अडथळ्याने जमिनीवरचा वेग मोडला की मात्र ही सीमा एकदम अलीकडे सरकते. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यामध्ये १९६७ पासून नियमित विमान चालते, अंतर २.७ किलोमीटर, वेळ दीड-दोन मिनिटे, आणि वारा अनुकूल असता एकदा ५३ सेकंदांत ते पोचल्याची नोंद आहे. तेथे मध्ये खवळलेला समुद्र आहे. आपल्याकडे मध्ये काटेपूर्णा नदी आहे, तिच्यावर पूल आहे.

सूर्याच्या घड्याळाने पाहिले तर अमरावती-अकोला प्रवासात आणखी एक लहानशी गंमत दडलेली आहे. रेखांशात ४५ कलांचा फरक असल्यामुळे अकोल्यास खरी दुपार अमरावतीनंतर तीन मिनिटांनी होते. आज दोन्ही गावांची घड्याळे साडेब्याऐंशी अंशाच्या रेखावृत्तावर बांधलेली असल्यामुळे हा फरक दिसत नाही. तो नियम १ जानेवारी १९०६ पासूनचा. त्या मानाने अमरावतीचा सूर्य १९ मिनिटे आणि अकोल्याचा २२ मिनिटे मागे चालतो. सूर्याच्या बरोबरीने पश्चिमेकडे जात राहावयाचे तर आपल्या अक्षांशावर ताशी १,५६० किलोमीटरांचा वेग हवा, आणि तो कोणत्याही प्रवासी विमानापाशी आज नाही. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा विमान नुसते आकाशात थांबले तर अकोला आपोआप त्याच्याखाली यावे, असे पुष्कळांना वाटते. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, म्हणून तसे घडत नाही. विमानाचा वेग कमी-अधिक करतो तो वारा. मुंबईहून अमरावतीकडे, म्हणजे पूर्वेस येताना पाठीशी ताशी ५० किलोमीटरांचा वारा असेल तर ५४० किलोमीटरांचे अंतर एका तासात उरकते, आणि परतताना तोच वारा समोरून आला की एक तास बारा मिनिटे लागतात.

मुंबईचे नाव निघाले ते योग्यच झाले, कारण बेलोरा विमानतळाचा खरा उपयोग तिकडचा आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि उडान योजनेखाली अलायन्स एअरची मुंबई-अमरावती सेवा, आरंभी आठवड्यातून तीन दिवस, सुरू झाली. छापील वेळ पावणेदोन तासांचा. ५४० किलोमीटरांना पावणेदोन तास म्हणजे ताशी ३१० किलोमीटर. विमानाचा वेग ५०० असून हिशेबात ३१० का, तर मुंबईच्या धावपट्टीवर एकामागे एक लागलेल्या विमानांची रांग, उतरण्यासाठी हवेत घालावे लागणारे वळसे आणि कंपनीने उशिराची सोय म्हणून आधीच धरून ठेवलेली सूट. वऱ्हाडच्या आकाशाला रहदारी मात्र नवी नाही. १९४९ पासून कित्येक वर्षे मुंबई, मद्रास, कलकत्ता आणि दिल्ली येथून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. मुंबई-नागपूर सरळ रेषा अकोल्याच्या पंचवीस-तीस किलोमीटर दक्षिणेकडून जाते. अकोलेकरांची पत्रे अकोल्याच्या शेजारून नागपुरास जाऊन रेल्वेने मागे येत असली पाहिजेत.

आज अकोल्याच्या व्यापाऱ्याची गत काहीशी त्या पत्रांसारखीच झाली आहे. मुंबई त्याच्या पश्चिमेस. विमान धरावयाचे तर आधी पूर्वेकडे मूर्तिजापूर ओलांडून बेलोऱ्यास जावयाचे, आणि उड्डाण झाल्यावर, विमान सरळ रेषेने गेलेच, तर दहा-बारा मिनिटांत ते बार्शीटाकळीवरून, म्हणजे त्याच्या दुकानापासून अवघ्या पंधरा किलोमीटरांवरून जाणार. सडकेचे दोन तास, तपासणीचा तास, विमानाचे पावणेदोन, आणि मुंबईत सांताक्रूझहून मशीद बंदरापर्यंत तास-दीड तास: पावणेसहा-सव्वासहा तास झाले. रेल्वेने मुंबई ५८४ किलोमीटर, वेळ साधारण नऊ तास. म्हणजे तीन तासांची बचत, शिवाय विमान असेल त्याच दिवशी. सेवेच्या आरंभीच्या वेळापत्रकाप्रमाणे विमान दुपार कलल्यावर बेलोऱ्याहून सुटून दिवेलागणीला मुंबईस पोचत असे, तोवर पेढ्या आणि कचेऱ्या बंद. काम दुसऱ्या सकाळीच व्हावयाचे असल्यामुळे हा व्यापारी बहुधा रात्रीचे जेवण घरी उरकून अंबा एक्सप्रेसमध्ये पाय पसरतो. नऊ तासांपैकी सात तो झोपेत काढतो, आणि ते तो हिशेबात धरीत नाही.